खतातले जड धातू: एकरी ग्रॅमचा हिशोब कसा मांडायचा

मृदा आरोग्य पत्रिकेवर १२ घटक असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. कॅडमियम, शिसे, आर्सेनिक, पारा यांचा त्यात उल्लेखही नाही. त्यामुळे नियमाने माती तपासून घेणाऱ्या शेतकऱ्यालाही या धातूंचा पत्ता लागत नाही. बहुतेक शेतांत लगेच घाबरून जावे अशी स्थिती नाही. पण नत्र उडून जाते, पालाश पीक उचलते, कॅडमियम मात्र पडले तिथेच बसून राहते. म्हणून जी काळजी घ्यायची ती खत शेतात पडण्याआधी घ्यावी लागते.

१. आधी संशयित ठरवा

सगळ्याच खतांवर संशय घेत बसलात तर हाती काहीच लागणार नाही. युरियात शोधण्यासारखे काही नाही. तो अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडपासून कारखान्यात तयार होतो, खाणीतला दगड त्यात येतच नाही. पोटॅशही या बाबतीत बऱ्यापैकी स्वच्छ असते.

प्रश्न सुरू होतो स्फुरदापासून. डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट), सुपर फॉस्फेट, १०:२६:२६, १२:३२:१६ (नत्र:स्फुरद:पालाश यांचे टक्के) या सगळ्यांचे मूळ रॉक फॉस्फेट, म्हणजे स्फुरदाचा खनिज दगड. हा दगड दोन जातींचा. रशियातील कोला द्वीपकल्प किंवा दक्षिण आफ्रिकेतील फालाबोर्वा इथला दगड अग्निजन्य, त्यात कॅडमियम अगदी कमी. समुद्राच्या गाळातून बनलेल्या दगडात ते जास्त असते, आणि त्यातही सेनेगल व टोगो इथल्या दगडात विशेष. आपल्याकडे उदयपूरजवळ झामरकोटडा इथे मोठी खाण आहे, पण देशाची स्फुरदाची बरीचशी गरज आयात दगडावर, फॉस्फोरिक आम्लावर आणि तयार डीएपीवर भागते. सुपर फॉस्फेटमध्ये दगडातले सगळे कॅडमियम तसेच उतरते. फॉस्फोरिक आम्ल बनवताना मात्र त्यातला काही भाग फॉस्फोजिप्समच्या (आम्ल काढून उरलेल्या जिप्समच्या) ढिगात जातो, उरलेला आम्लाबरोबर खतात येतो.

दगड कुठला हे गोणीवर लिहिलेले नसते. ऑक्टोबर २०२२ पासून अनुदानित खते 'भारत' या एकाच नावाने येऊ लागली, तेव्हापासून तर कंपनीचे नावही गोणीच्या छोट्या भागात गेले आहे.

दुसरा संशयित सूक्ष्म अन्नद्रव्ये, विशेषतः झिंक सल्फेट. पत्र्यावर जस्ताचा मुलामा देणाऱ्या कारखान्यांत जी झिंक अ‍ॅश उरते, तीही झिंक सल्फेटचा कच्चा माल आहे. नीट शुद्ध केली तर त्यात गैर काही नाही. शुद्धीकरणात काटकसर केली की शिसे आणि कॅडमियम सोबत येतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील क्विन्सी या छोट्या गावात कारखान्यांचा टाकाऊ माल खताच्या नावाखाली शेतात जात असल्याचे प्रकरण १९९७ साली सिअ‍ॅटलच्या वृत्तपत्राने उघडकीस आणले. पुढच्याच वर्षी त्या राज्याने खतातील धातूंवर कायदा केला. भारतात खत नियंत्रण आदेश १९८५ मध्ये झिंक सल्फेटसाठी शिशाची मर्यादा ०.००३ टक्के आणि कॅडमियमची ०.००२५ टक्के आहे.

तिसरा गट, माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित, म्हणजे ट्रॉलीने येणारे स्वस्त खत. शहरी कचऱ्याचे कंपोस्ट, मैलापाणी शुद्धीकरण केंद्राचा गाळ, कोंबडी खत, औष्णिक वीज केंद्राची राख, क्षारपड जमिनीसाठी येणारे फॉस्फोजिप्सम. यातली प्रत्येक वस्तू वाईट नाही. योग्य वर्गीकरण झालेल्या ओल्या कचऱ्याचे कंपोस्ट उत्तम असते. पण त्याच ढिगात बॅटऱ्या, ट्यूबलाइट, रंगाचे डबे, जुने सर्किट बोर्ड गेले असतील तर ते सगळे तुमच्या सरीत येणार. कोंबडी खतात तांबे आणि जस्त जास्त सापडू शकतात, कारण ते पक्ष्यांच्या खाद्यात घातलेले असतात. द्रवरूप अमिनो आम्लाच्या बाटल्यांकडेही एक डोळा असू द्या. क्रोमने कमावलेल्या कातड्याच्या तुकड्यांपासून बनवलेल्या अमिनोमध्ये क्रोमियम येऊ शकते.

२. एकरी किती ग्रॅम, हे काढा

प्रयोगशाळेचा अहवाल किलोमागे मिलिग्रॅममध्ये, म्हणजे पीपीएममध्ये असतो. तो आकडा पाहून एक खत घाण आणि दुसरे स्वच्छ असे ठरवले की फसगत होते, कारण एक खत एकरी १० किलो पडते आणि दुसरे ५ टन. पीपीएमला एकरी किलोने गुणा आणि १००० ने भागा. उत्तर एकरी ग्रॅम.

एक टक्का म्हणजे १०,००० पीपीएम हे लक्षात ठेवले की टक्क्यांतले आकडेही सोपे होतात. झिंक सल्फेटमधले ०.००२५ टक्के म्हणजे २५ पीपीएम.

आता तीन उदाहरणे मांडू. तिन्हींत धातू कमाल मर्यादेइतका आहे असे धरले आहे. प्रत्यक्षात तो बराच कमी असू शकतो.

डीएपी: युरोपीय संघाने जुलै २०२२ पासून स्फुरदयुक्त खतांसाठी दर किलो स्फुरदामागे (P₂O₅ या रूपात) ६० मिलिग्रॅम कॅडमियम ही मर्यादा लागू केली. तीच इथे धरू. एका ५० किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांप्रमाणे २३ किलो स्फुरद, म्हणजे सुमारे १.४ ग्रॅम कॅडमियम. एकरी दोन गोण्या टाकल्या तर पावणेतीन ग्रॅम.

झिंक सल्फेट: २५ पीपीएम, एकरी १० किलो. पाव ग्रॅम.

शहरी कंपोस्ट: खत नियंत्रण आदेशातली मर्यादा कॅडमियमसाठी किलोमागे ५ मिलिग्रॅम. एकरी ५ टन टाकले तर २५ ग्रॅम. ओलावा वजा केला तरी २० ग्रॅमच्या आसपास. त्याच कंपोस्टमध्ये शिशाची मर्यादा १०० मिलिग्रॅम आहे, म्हणजे एकरी ५०० ग्रॅमपर्यंत शिसे कायद्याच्या चौकटीत राहूनही पडू शकते.

झिंक सल्फेटचा २५ आकडा कंपोस्टच्या ५ पेक्षा पाचपट भयानक दिसत होता. एकरी हिशोबात कंपोस्ट शंभरपट पुढे गेले. म्हणून 'सेंद्रिय म्हणजे सुरक्षित, रासायनिक म्हणजे विषारी' ही विभागणी धातूंच्या बाबतीत उपयोगाची नाही.

पुढचा प्रश्न, एवढे ग्रॅम जमिनीच्या मानाने किती? एक एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात साधारण ८ लाख किलो माती असते. वर्षाला पावणेतीन ग्रॅमने मातीतले कॅडमियम किलोमागे ०.००३५ मिलिग्रॅमने वाढते, २० वर्षांत ०.०७. प्रदूषण न झालेल्या शेतजमिनीत ते सहसा अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत असते, म्हणजे ही वाढ मंद आहे, पण नगण्य नाही. कमाल मर्यादेचे कंपोस्ट दरवर्षी २० वर्षे टाकले तर वाढ ०.५ च्या पुढे जाते.

पीक हे कॅडमियम बाहेर काढील अशी आशा ठेवू नका. एकरी १५ क्विंटल तांदळात किलोमागे ०.१ मिलिग्रॅम कॅडमियम असेल तर धान्याबरोबर जेमतेम ०.१५ ग्रॅम बाहेर जाते. आवक पावणेतीन, जावक त्याच्या विसाव्या हिश्शाइतकी. न्यूझीलंडने हा हिशोब कुरणांवर अनुभवला आहे. नाऊरू बेटाच्या कॅडमियमयुक्त दगडापासून बनवलेले सुपर फॉस्फेट तिथे कित्येक दशके कुरणांवर पडले. तिथे ३० महिन्यांपेक्षा मोठ्या मेंढ्या-गुरांचे मूत्रपिंड माणसाच्या खाण्यासाठी विकायला बंदी घालावी लागली, कारण जनावर जितके जुने तितके कॅडमियम मूत्रपिंडात साठत जाते.

३. कुठला नमुना, कुठे द्यायचा

घरच्या घरी होणाऱ्या चाचण्या इथे चालत नाहीत. डीएपीचे दाणे तळहातावर चुन्याबरोबर चोळले की अमोनियाचा उग्र वास येतो. त्यावरून माल डीएपी आहे की वाळूचे खडे, एवढेच कळते. धातूंना वास नाही, रंग नाही. एए‍एस किंवा आयसीपी हे धातू मोजणारे यंत्र असलेली, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळा लागते. मान्यता प्रयोगशाळेला सरसकट असते असे नाही, चाचणीगणिक असते. 'खतातील कॅडमियम' ही चाचणी त्यांच्या मान्यतेच्या यादीत आहे का, हे आधी विचारा.

एकट्या शेतकऱ्याने डीएपीची गोणी तपासायला पाठवणे मला फायद्याचे वाटत नाही. गटाने, शेतकरी उत्पादक कंपनीने ट्रकभर माल घेताना पुरवठादाराकडे लॉटचा विश्लेषण अहवाल मागावा, त्यात कॅडमियम आणि शिसे असावे. एका गोणीच्या ग्राहकाला कंपनी उत्तर देत नाही, ट्रकच्या ग्राहकाला देते. कंपोस्ट किंवा गाळ मात्र एकट्यानेही तपासल्याशिवाय घेऊ नये. पाच टन मालाच्या किमतीपुढे चाचणीचा खर्च झेपण्यासारखा असतो, आणि शेजारच्या चौघांनी एकाच ठिकाणाहून माल घेतला तर तो विभागताही येतो.

कंपोस्टचा नमुना घेताना ढिगाच्या वरचे मूठभर उचलू नका. पाऊस आणि वाऱ्याने वरचा थर वेगळा झालेला असतो. ढिगाच्या चारही बाजूंनी, वर, मध्ये आणि खाली हातभर आत जाऊन दहा-पंधरा ठिकाणचे थोडे थोडे घ्या. स्वच्छ प्लॅस्टिकवर एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेले पुन्हा मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. दोन पिशव्यांत भरा, एक प्रयोगशाळेला, एक तारीख आणि ट्रॉलीचा क्रमांक लिहून स्वतःजवळ.

मातीच्या नमुन्यात एक वेगळी काळजी आहे. नेहमीचे जस्ताचा मुलामा असलेले घमेले आणि गंजलेले फावडे वापरले तर त्यांचाच धातू नमुन्यात उतरतो. स्टीलची खुरपी आणि प्लॅस्टिकची बादली घ्या. छापील वर्तमानपत्रावर माती वाळवू नका. जुन्या खतकुंडाची जागा, विजेच्या खांबाचा पाया, रस्त्याकडेचे दहा-पंधरा मीटर टाळा. डांबरी रस्त्यालगत जुन्या पेट्रोलमधले शिसे अजून मातीत असते.

प्रयोगशाळेला सांगताना 'हेवी मेटल टेस्ट' एवढेच लिहिले तर काय मिळेल याचा भरवसा नाही. कॅडमियम, शिसे, आर्सेनिक, क्रोमियम, निकेल, पारा असे नावानिशी लिहा. मातीसाठी 'एकूण' आणि 'डीटीपीए' असे दोन्ही आकडे मागा. एकूण आकडा साठा सांगतो, डीटीपीए पिकाला मिळू शकणारा भाग. आणि कॅडमियम किती कमी प्रमाणापर्यंत मोजता येते हेही विचारा. यंत्राची मर्यादाच १ पीपीएम असेल तर 'आढळले नाही' या शेऱ्याला मातीच्या बाबतीत काही अर्थ उरत नाही.

४. अहवाल वाचताना

शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशातल्या मर्यादा किलोमागे मिलिग्रॅममध्ये अशा आहेत: कॅडमियम ५, शिसे १००, क्रोमियम ५०, निकेल ५०, तांबे ३००, जस्त १०००, पारा ०.१५ आणि आर्सेनिक १०. यात आर्सेनिकचा आकडा आर्सेनिक ट्रायऑक्साइडच्या रूपात दिलेला आहे. प्रयोगशाळा बहुधा नुसते आर्सेनिक कळवते, त्याला १.३२ ने गुणून मग तुलना करा. नुसते आर्सेनिक ७.६ च्या पुढे गेले की मर्यादा ओलांडली. गांडूळ खतासाठी कॅडमियम, शिसे, क्रोमियम, निकेल यांच्या मर्यादा याच आहेत.

मर्यादेच्या आत आहे म्हणून वाटेल तितके टाकता येते असे नाही, हे वरच्या हिशोबातून दिसलेच. मी स्वतःसाठी साधा नियम ठेवतो: मर्यादेच्या निम्म्यापेक्षा जास्त धातू असलेले कंपोस्ट भाजीच्या रानात नको, आणि बाकी रानात तीन-चार वर्षांतून एकदाच. हा कायद्याचा आकडा नाही, माझा अंदाज आहे.

५. तुमची माती कोणत्या बाजूची

एकच खत लासलगावच्या काळ्या रानात आणि कणकवलीच्या जांभ्या जमिनीत वेगळे वागते. काळ्या जमिनीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५, त्यात चुनखडीही असते. कॅडमियम आणि शिसे तिथे घट्ट धरून ठेवले जातात, मुळांच्या हाती फारसे लागत नाहीत. कोकण, घाटमाथा आणि गोव्याच्या जांभ्या जमिनीचा सामू ५ ते ६ च्या आसपास उतरतो. तिथे तेच कॅडमियम मोकळे होते. म्हणजे कोकणातल्या शेतकऱ्याने एकरी ग्रॅमच्या बाबतीत देशावरच्यापेक्षा जास्त काटेकोर राहायला हवे. माती परीक्षणात सांगितलेली चुन्याची मात्रा तिथे टाळू नका.

क्लोराइड हे दुसरे कारण. खाऱ्या पाण्यात कॅडमियम क्लोराइडशी जोडी जमवून मातीच्या कणांपासून सुटते. खाजण (खाडीलगतच्या खाऱ्या) जमिनी आणि खारवट विहिरीवरचे भाजीचे मळे यात येतात. अशा ठिकाणी म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी (त्यात क्लोराइड असते) सल्फेट ऑफ पोटॅश वापरणे महाग पडते, पण पालेभाजीसाठी विचार करण्यासारखे आहे.

जस्ताची कमतरता असेल तर ती भरून काढा. जस्त आणि कॅडमियम मुळात शिरायला एकाच वाटेने धडपडतात; जस्त पुरेसे असले की कॅडमियमला जागा कमी मिळते. शेणखत, हिरवळीचे खत यांतला सेंद्रिय कर्बही धातू धरून ठेवतो.

भातात पाण्याचे गणित वेगळे आहे. खाचर पाण्याखाली असताना कॅडमियम सल्फाइडच्या रूपात अडकते. पाणी काढून जमीन तडकली की सुटते. खरिपात पाऊस आपले ऐकत नाही, पण वायंगणी (उन्हाळी) भाताला पाणी हातात असते. लोंबी बाहेर पडल्यावर सुमारे तीन आठवडे खाचर कोरडे पडू दिले नाही तर दाण्यात कॅडमियम कमी जाते. जिथे मातीत किंवा पाण्यात आर्सेनिक आहे, उदाहरणार्थ पश्चिम बंगालचा गंगेकाठ, तिथे हा सल्ला उलटा पडतो, कारण पाण्याखाली आर्सेनिक मोकळे होते.

६. कमी कसे करायचे

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे नको असलेला स्फुरद न टाकणे. द्राक्ष, टोमॅटो, ऊस या पट्ट्यांत वर्षानुवर्षे बेसल डोसला (लागवडीच्या वेळच्या खताला) डीएपी, वर विद्राव्य १२:६१:० असा मारा चालतो. माती परीक्षणात स्फुरद 'जास्त' किंवा 'अत्यंत जास्त' आले असेल तर त्या हंगामात डीएपीची गोणी कमी करा आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू वापरा. खताचे पैसे वाचतात आणि कॅडमियमही वाचते. नत्रासाठी डीएपी टाकायची सवय असेल तर नत्र युरियातून द्या.

द्राक्षवाल्यांसाठी एक गोष्ट, खताची नसली तरी. १ टक्का बोर्डो मिश्रणाचे ४०० लिटर म्हणजे ४ किलो मोरचूद, आणि त्यात १ किलो तांबे. एकाच फवारणीत एकरी १ किलो. युरोपीय संघाने शेतात तांब्याची मर्यादा सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे एकरी वर्षाला साधारण १.६ किलो ठेवली आहे. बागेच्या मातीत तांब्याचा आकडा वर्षागणिक चढत असेल तर कारण खतात शोधण्याआधी फवारणीच्या वहीत पाहा.

क्षारपड जमिनीत जिप्सम टाकायचे असेल तर ते खाणीतले आहे की फॉस्फोजिप्सम, हे विचारून घ्या. इथे मात्रा टनांत असते, त्यामुळे चाचणीशिवाय पुढे जाऊ नका.

पीक निवडीत पालेभाज्या सर्वांत नाजूक: पालक, राजगिरा, लेट्यूस पानांत कॅडमियम साठवतात. तंबाखूही तसाच. कंदमुळे त्याखालोखाल. फळझाडांच्या फळात फारच कमी पोहोचते. संशयास्पद रान असेल तर तिथे पालकाऐवजी फुलशेती, कापूस किंवा फळझाड बरे. मालाची चाचणी केलीत तर तुलनेसाठी कोडेक्सच्या (आंतरराष्ट्रीय अन्न मानकांच्या) कॅडमियम मर्यादा अशा: पॉलिश केलेला तांदूळ ०.४, गहू ०.२, पालेभाजी ०.२, कंदमुळे ०.१ मिलिग्रॅम प्रति किलो. निर्यातीला खरेदीदार देशाची मर्यादा याहून कडक असू शकते.

शिसे मुख्यतः पानावर चिकटलेल्या मातीतून पोटात जाते, त्यामुळे भाजी तीन पाण्यांनी धुणे आणि कंद सोलणे याने शिसे खरोखर कमी होते. कॅडमियम पानाच्या आतच असते, ते धुऊन जात नाही.

'जमिनीतले जड धातू नष्ट करणारे' म्हणून बाटल्या विकायला येतात. धातू हे मूलद्रव्य आहे, जिवाणू त्याला खाऊन संपवू शकत नाही; फार तर बांधून ठेवील. मोहरी आणि सूर्यफूल धातू उचलतात हे खरे, पण त्यासाठी वर्षानुवर्षे पीक घ्यावे लागते आणि तो पाला शेताबाहेर सुरक्षित टाकावा लागतो. तो गुरांना घातलात किंवा त्याच रानात गाडलात तर धातू पुन्हा घरीच.

७. माल खराब निघाला तर

पक्के बिल, लॉट क्रमांक आणि गोणीचा फोटो या तीन गोष्टी खरेदीच्या दिवशीच जपून ठेवा. दुकानातल्या पॉस मशीनची पावती हा अनुदानित खताच्या खरेदीचा चांगला पुरावा आहे. खत सुटे, बिलाशिवाय आणि 'शेतकऱ्याला घरपोच' अशा जोरावर आले तर नंतर कुणाकडे बोट दाखवणार?

तुम्ही स्वतः तपासून आणलेला अहवाल पोलिसी कारवाईला पुरत नाही. कायद्यानुसार नमुना खत निरीक्षकाने ठरलेल्या पद्धतीने घ्यावा लागतो, त्याचे तीन भाग करून सील करावे लागतात. म्हणून संशय येताच त्याच लॉटच्या न उघडलेल्या गोण्या तशाच ठेवा आणि पंचायत समितीचे कृषी अधिकारी किंवा तालुका कृषी अधिकारी यांच्याकडे लेखी तक्रार द्या, पोहोच घ्या. तुमचा खासगी अहवाल तक्रारीला जोडा. निरीक्षकाला नमुना घ्यायला तो पुरेसे कारण देतो. अर्जात 'जड धातूंची चाचणी व्हावी' हे स्पष्ट लिहा, नाहीतर नमुन्यात फक्त नत्र-स्फुरद-पालाश तपासून 'प्रमाणित' असा शेरा येऊ शकतो. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, आणि नुकसान भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग. तोवर उरलेला माल ना शेतात, ना विहिरीजवळ. कोरड्या जागी, ताडपत्रीखाली, त्याच लॉटच्या चिठ्ठीसह.